न झालेल्या जमिनीचें मोल

इंग्लंडच्या इतिहासांत १७२० सालच्या 'दक्षिण समुद्र कंपनी'ची हकीकत आपण वाचतों. दक्षिण अमेरिकेच्या व्यापाराच्या आशेवर त्या कंपनीचा शंभर पौंडांचा शेअर उन्हाळ्यांत हजार पौंडांच्या घरांत गेला आणि वर्ष संपण्यापूर्वीं दोनशेंच्याही खालीं आला, एवढें परीक्षेपुरतें ध्यानांत ठेवून आपण पुढल्या प्रकरणाकडे वळतों. परंतु त्याच जातीचें, आणि आपल्याला तर अधिकच जवळचें असें एक प्रकरण मुंबई शहरांत १८६३ ते १८६५ या काळांत घडलें. चर्चगेटवरून मरीन लाइन्सकडे जाणारी आगगाडी आजही ज्या चिंचोळ्या पट्टीवरून धांवते, ती पट्टी त्या प्रकरणाचा अवशेष आहे, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असते.

ज्या उद्योगाचें फळ अद्याप झाडाला लागलेलेंही नाहीं, त्या फळाचे पैसे आज मोजण्यास शहाणीं माणसें कां तयार होतात, हा या लेखाचा विषय आहे. 'लोभामुळें' असें एका शब्दांत उत्तर देतां येईल. पण तें अपुरें आहे. लोभ सर्व काळीं असतो. सट्ट्याचें वेड मात्र अधूनमधूनच येतें. शिवाय प्रत्येक भावी उद्योग म्हणजे लबाडी असेंही नव्हे. बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत १८५३ सालीं जी आगगाडी धांवली, ती त्यापूर्वीं कित्येक वर्षें कागदावरच धांवत होती. आणि त्या कागदावर विश्वास ठेवणारे लोक कांहीं मूर्ख ठरले नाहींत. तेव्हां 'होईल' आणि 'आहे' या दोन क्रियापदांमधलें अंतर मनुष्याच्या मनांतून कसें पुसलें जातें, हें पाहिलें पाहिजे.

प्रथम पैसा आला कोठून तें पाहूं. लँकेशायरच्या गिरण्यांस लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून येत असे. १८६१ च्या एप्रिल महिन्यांत तेथें यादवी युद्ध पेटलें, उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें रोखलीं, आणि गिरणीवाल्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. गुजराथ, खानदेश, वऱ्हाड या प्रांतांतला आंखूड धाग्याचा कापूस त्यांस एरव्हीं फारसा पसंत नसे; आतां मात्र 'सुरती' या नांवानें जाणाऱ्या त्याच कापसाचा लिव्हरपूलचा भाव चार-पांच पटींनीं चढला. लोकांनीं जुन्या गाद्या-उशा उसवून त्यांतला कापूसदेखील विकून टाकला असें सांगतात. नेहमींच्या किंमतीहून जें अधिक द्रव्य या पांचएक वर्षांत मुंबईस मिळालें, त्याचा अंदाज त्या काळच्या माहितगारांनीं ८ कोटी पौंडांच्या आसपास केलेला आहे.

इतका पैसा पेटींत स्वस्थ पडून राहत नाहीं. शेतींत घालावा तर मुंबईच्या पेढीवाल्यास शेत ठाऊक नाहीं. गिरण्या काढाव्या तर कापूस सोन्याच्या भावाचा, मग सूत विकणार कोणाला? उरला तो कंपन्या काढण्याचा मार्ग. दहा वर्षांपूर्वीं भागभांडवलाच्या कंपन्या बोटांवर मोजतां येण्याइतक्या होत्या. १८६५ च्या आरंभीं मुंबईंत ३१ बँका, १६ 'फिनॅन्शियल असोसिएशनें', ८ जमीन-कंपन्या, कापसाच्या गांठी दाबणाऱ्या १६ कंपन्या, १० जहाज-कंपन्या आणि २० विमा-कंपन्या झाल्या होत्या. यांपैकीं फिनॅन्शियल असोसिएशन म्हणजे नक्की काय, हें तिच्या भागीदारांसही विचारलें असतें तर सांगतांना त्यांची तारांबळ उडाली असती. दुसऱ्या कंपन्यांचे शेअर घेण्यासाठीं कर्ज देणें हाच त्यांतल्या पुष्कळांचा धंदा होता.

या सर्वांत शिरोमणि म्हणजे बॅकबे रेक्लमेशन कंपनी. मलबार टेकडीच्या पायथ्यापासून कुलाब्यापर्यंत समुद्राचा जो अर्धचंद्राकृति भाग आहे, त्याच्या कांठची उथळ जागा भराव घालून भरून काढावी, कुलाब्यापर्यंत रेल्वेला वाट करून द्यावी, आणि उरलेली नवी जमीन वखारींसाठीं व घरांसाठीं विकावी, असा तिचा बेत होता. हा बेत वेडगळ होता काय? मुळींच नाहीं, आणि या प्रकरणांतली खरी मेख येथेंच आहे. मुंबई हें शहरच मुळीं भरावाचें. सात बेटांमधल्या खाड्या बुजवून तें एकसंध झालें, हें प्रत्येक मुंबईकरास ठाऊक होतें. शहराच्या दुसऱ्या अंगास, बंदराच्या बाजूला, एल्फिन्स्टन कंपनी खरोखरच समुद्र हटवून जमीन तयार करीत होती. तिची मालमत्ता पुढें १८७० च्या सुमारास सरकारनें विकत घेतली आणि १८७३ सालीं स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टाचा ती पाया झाली. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दींत कोटाच्या जुन्या भिंती पडत होत्या, नवे रस्ते आंखले जात होते. शहर डोळ्यांदेखत बदलत होतें. गोविंद नारायण माडगांवकर या मिशनच्या शाळेंतील अध्यापकांचें 'मुंबईचें वर्णन' हें पुस्तक नेमकें १८६३ सालीं प्रसिद्ध झालें, तेंही याच वाढत्या शहराचें.

म्हणजे लोकांस विकलें गेलें तें निव्वळ असत्य नव्हतें. निव्वळ असत्यास एवढी किंमत कधीं येत नाहीं. जें शेजारीं खरें झालें आहे त्याचें तेज उसनें घेऊन, जें अद्याप झालें नाहीं त्यावर पाडावयाचें, ही त्यांतली किमया होती. पूर्वेकडील समुद्र हटला, मग पश्चिमेकडील कां हटणार नाहीं? या प्रश्नांत तर्कदृष्ट्या दोष नाहीं. दोष आहे तो त्यांतून गाळलेल्या दुसऱ्या प्रश्नांत, म्हणजे 'केव्हां?' आणि 'किती खर्चानें?' या प्रश्नांत. भविष्य विकणारा मनुष्य घटना बहुधा खरी सांगतो. तारीख मात्र तो सांगत नाहीं, आणि घेणारा विचारीत नाहीं.

आतां शेअरांची कथा पाहा. ५,००० रुपये भरलेल्या शेअरास पुढें पन्नास हजारांच्या घरांत भाव आला, आणि तोही भरणीचें काम नांव घेण्याजोगें झालेलें नसतां! परंतु या आंकड्याहूनही मला अधिक विलक्षण वाटते ती ४०० शेअरांची गोष्ट. मुंबई सरकार स्वतः या कंपनीचे ४०० शेअर घेणार होतें. सरकार भागीदार होणार, या बातमीनेंच कंपनीची अर्धी कीर्ति झाली होती. हिंदुस्थान सरकारनें मात्र या गोष्टीस मनाई केली. सरळ विचार केला तर वरिष्ठ सरकार अंग काढून घेतें यावरून लोकांनीं सावध व्हावयास हवें होतें. झालें उलटेंच. ते ४०० शेअर जाहीर लिलावांत निघाले आणि सरासरीनें दर शेअरास २६,५०० रुपयांचा चढ आला; एकूण १ कोटि ६ लक्ष रुपये! सरकारची माघार ही धोक्याची सूचना न ठरतां, 'पाहा, सरकारचा वांटा घेण्यासाठींही लोक किती धडपडतात' याची जाहिरात ठरली. ज्याच्या मनांत एकदां भविष्य पक्कें वसलें, त्याला प्रतिकूल बातमीही अनुकूलच वाटते. हा अनुभव शेअरबाजारापुरताच आहे असें नाहीं. पण तूर्त तिकडे न वळलेलें बरें.

दुसरें साधन माणसाच्या नांवाचें. सुरतेहून आलेले शेठ प्रेमचंद रायचंद यांस इंग्रजी लिहितां-बोलतां येणारा पहिला देशी शेअरदलाल म्हणतात. त्यांची बुद्धि, स्मरणशक्ति आणि पूर्वींचें यश यांचा दरारा असा होता कीं, ज्या कंपनीस त्यांनीं हात लावला तिचा शेअर दुसऱ्या दिवशीं चढलाच. नव्या कंपनीच्या शेअरांचें वांटप हें तेव्हां प्रसादासारखें झालें होतें. ज्यास दर्शनी किंमतीला शेअर मिळाला त्यानें तो त्याच दिवशीं चढत्या भावानें विकावा आणि नफा पदरीं पाडावा. यास्तव वांटपाच्या यादींत नांव यावें म्हणून प्रतिष्ठित गृहस्थ आर्जवें करीत. यांतली खुबी अशी कीं, ज्याच्यावर अशी मेहेरबानी झाली तो त्या योजनेवर टीका करण्यास कायमचा निकामी झाला. न्यायाधीश होऊं शकणारी माणसें अशा रीतीनें एकेक करून पक्षकार होत गेलीं.

तिसरें, आणि माझ्या मतें सर्वांत घातक साधन, म्हणजे उसना पैसा. बँक ऑफ बॉम्बे ही १८४० सालीं स्थापन झालेली, सरकारचे शेअर व सरकारनियुक्त डायरेक्टर असलेली बँक. पूर्वींच्या नियमांप्रमाणें शेअरांच्या तारणावर कर्ज देण्यास तिला कडक बंधनें होतीं. १८६३ च्या नव्या कायद्यानें तीं सैल झालीं. याचा परिणाम काय झाला हें एका काल्पनिक उदाहरणावरून कळेल. समजा, एका गृहस्थाजवळ पांच हजारांचा एक शेअर आहे आणि बाजारांत त्याचा भाव वीस हजार झाला आहे. तो शेअर तारण ठेवून बँक त्यास दहा हजार देते. त्या दहा हजारांत तो दुसऱ्या कंपनीचे शेअर घेतो. त्याच्यासारखे शंभर लोक तसेंच करितात. त्यामुळें मागणी वाढून भाव तीस हजार होतो. आतां त्याच शेअरावर बँक पंधरा हजार देण्यास तयार! भाव चढला म्हणून कर्ज मिळालें आणि कर्ज मिळालें म्हणून भाव चढला. दोन दारुडे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे असावे तशी ही स्थिति. दोघांपैकीं एकाचेंही पाऊल घसरेपर्यंत दोघेही भक्कम दिसतात.

त्यांत वायद्याच्या सौद्यांची भर पडली. १ जुलै १८६५ या दिवशीं पैसे देण्याच्या करारानें लोक शेअर घेऊं लागले. आज पदरचा एक पैसाही न काढतां लक्षावधींचा सौदा करावा; तोंवर भाव चढला तर फरक आपला. कोटांत जेथें पूर्वीं मूठभर दलाल वडाच्या झाडाखालीं जमत, तेथें दोनशेंहून अधिक दलालांची झुंबड उडूं लागली. 'गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाहींतर मोडून खाल्ली' अशी वृत्ति त्यांत शिरली. मात्र हें गाजर खाण्याच्या उपयोगाचेंही नव्हतें, हें मागाहून कळलें.

कोणीच सावध केलें नाहीं काय? या संबंधांत मुंबईबाहेरचें, पण मुंबईच्या पैशाशीं निगडित असें एक उदाहरण आहे. कलकत्त्याजवळ मातला नदीवर एक नवें बंदर वसवून त्यास गव्हर्नर जनरलच्या नांवावरून पोर्ट कॅनिंग हें नांव देण्यांत आलें, आणि त्यासाठीं निघालेल्या कंपनीच्या शेअरांचा मुंबईंतही मोठा सट्टा झाला. ज्या नदीचें तोंडही मुंबईकरांनीं कधीं पाहिलें नव्हतें, तिच्या कांठच्या भावी शहरासाठीं ते मूळ किंमतीच्या कित्येक पट पैसे मोजूं लागले. वस्तुतः हेन्री पिडिंग्टन यांनीं १८५३ सालींच गव्हर्नर जनरलांस पत्र लिहून बजावलें होतें कीं, तें ठिकाण वादळाच्या लाटेच्या वाटेवर आहे आणि आज ना उद्यां तें धुऊन जाईल. हे कोणी ऐरेगैरे नव्हते. 'सायक्लोन' हा शब्द ज्यांनीं प्रथम बनविला तेच हे. १८६७ च्या नोव्हेंबरांत वादळ आलें, समुद्राची लाट आंत शिरली, आणि पुढें थोड्याच वर्षांत तें बंदर सोडून द्यावें लागलें. पिडिंग्टन यांचा इशाराही भविष्याविषयींच होता. पण त्यांच्या भविष्याचे शेअर निघाले नव्हते, म्हणून त्यास गिऱ्हाईक मिळालें नाहीं.

मुंबईला मात्र वादळाची वाट पाहावी लागली नाहीं. ९ एप्रिल १८६५ रोजीं अमेरिकेंत जनरल ली यांनीं शरणागति पत्करली. हजारों मैलांवर माणसांचा संहार थांबला ही आनंदाची वार्ता. मुंबईच्या बाजारांत मात्र ती मृत्युवार्तेप्रमाणें आली. कापसाचा भाव कोसळला. कापसावर व्यापारी, व्यापाऱ्यावर शेअर, शेअरावर बँक, अशी उतरंड रचलेली होती. तळचें मडकें फुटल्यावर वरचीं कशीं राहणार? १ जुलैचा दिवस उजाडला तेव्हां ज्यांनीं घेण्याचे करार केले होते त्यांच्याजवळ पैसा नव्हता, आणि ज्यांस येणें होतें त्यांनाही दुसऱ्याचें देणें होतें. मोठमोठ्या पेढ्यांनीं हात वर केले. दिवाळखोरांची संख्या एवढी झाली कीं, त्यांच्या प्रकरणांसाठीं त्याच वर्षीं खास कायदा करावा लागला. प्रेमचंद रायचंदही या तडाख्यांतून सुटले नाहींत. बँक ऑफ बॉम्बेचें बहुतेक सर्व भांडवल बुडालें; १८६८ सालीं सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालीं तिची सरकारी चौकशी झाली आणि त्याच सालीं त्याच नांवाची नवी बँक उभी करावी लागली. शेअरांच्या पावत्या मात्र पेट्यांतून तशाच राहिल्या. त्यांवरील शाई, सही, शिक्का यांत कांहींच फरक पडला नव्हता. फरक पडला तो त्यांकडे पाहणाऱ्यांच्या नजरेंत.

येथें एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण मुंबईच्या कथेंत ती सहसा येत नाहीं. ज्यांनीं जन्मांत शेअर पाहिला नाहीं असेही पुष्कळ लोक या भविष्याच्या व्यवहारांत गुंतले होते. धान्य-कापसाचे भाव चढे असतां दख्खनच्या शेतकऱ्याची पत वाढली. सावकारानें खुशीनें कर्ज दिलें, शेतकऱ्यानें विहीर, बैल, लग्नकार्य यांसाठीं तें घेतलें. उद्यांचें पीकही आजच्याच भावानें जाईल हा त्याचा हिशेब, आणि मुंबईच्या शेठजीच्या हिशेबाहून तो मूळांत निराळा नव्हता. भाव उतरले, कर्ज उतरलें नाहीं. शिवाय १८६७ पासून सुरू झालेल्या फेरआकारणींत सरकारी साराही वाढला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर हल्ला केला, कर्जरोखे हिसकावून जाळले, आणि ती आग नगर जिल्ह्यांतही पसरली. या दंग्यांचें सर्व खापर कापसाच्या तेजीवर फोडणें ही अतिशयोक्ति होईल. पण त्या कर्जाच्या ओझ्यांत तेजीच्या दिवसांतल्या आशेचाही वांटा होता. शेठजींसाठीं खास कायदा झाला होता. शेतकऱ्यांच्या कर्जासंबंधीं कायदा व्हावयास १८७९ साल उजाडावें लागलें.

बॅकबेचें पुढें काय झालें? कंपनी मोडीत निघाली. भराव झाला होता तो किनाऱ्यालगतच्या एका अरुंद पट्टीपुरता. ती सरकारच्या ताब्यांत गेली आणि तिच्यावरून बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा रूळ कुलाब्याकडे नेण्यांत आला. तेजीच्या काळांत शहराला एक देणगी मात्र कायमची मिळाली. प्रेमचंद रायचंद यांनीं विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठीं आणि आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ मनोऱ्यासाठीं प्रत्येकीं दोन लक्ष रुपये दिले होते. तो राजाबाई टॉवर १८७८ सालीं पुरा झाला तेव्हां ज्या बाजारांतून तो पैसा आला, तो बाजार पार ओसरून गेला होता.

समुद्र हटविण्याची कल्पना मात्र मेली नाहीं. १९२० नंतर गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांच्या कारकीर्दींत सरकारनेंच बॅकबे भरण्याचें काम अंगावर घेतलें. या खेपेस शेअर नव्हते, कर प्रजेचा होता. आणि खर्चाचे अंदाज व प्रत्यक्ष काम यांचा मेळ पुन्हां बसेना. वकील खुर्शेद नरिमन यांनीं त्या कारभारांतला सावळागोंधळ चव्हाट्यावर आणला, त्यावरून त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि त्यांतून ते निर्दोष सुटले. योजनेचा कांहीं भागच तेव्हां पुरा झाला. मरीन ड्राइव्हचा रस्ता आणि त्याच्या कांठच्या इमारती १९३० नंतरच्या. दक्षिणेकडील टोंकास आणखी भराव पडून तेथें उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या त्या १९७० च्या सुमारास, म्हणजे पहिल्या कंपनीचा शेअर पन्नास हजारांच्या घरांत गेल्यावर शंभर वर्षांहून अधिक काळानें. तेथील चौरस फुटाचा भाव पुढें १८६४ च्या कोणत्याही दलालास स्वप्नांतही सुचला नसता एवढा झाला. त्या टोंकाला नांव मिळालें आहे तें प्रेमचंदांचें नव्हे कीं लॉइडचेंही नव्हे. ज्या वकिलानें त्या योजनेचे हिशेब मागितले, त्याच्या नांवानें त्यास नरिमन पॉइंट म्हणतात.